चिणलेल्या एकोणीस खोल्या

मी किल्ला बोलतोय. किल्ला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तोफा आणि तलवारी आल्या असतील, तर आधीच सांगून ठेवतो, तुमची निराशा होणार. चारशे वर्षांत मला एकदाच वेढा पडला आणि तोही पावसामुळे अकराव्या दिवशी उठला. बाहेरचे भिजले, आतले कंटाळले आणि दोन्ही बाजूंना सर्दी झाली. माझी गोष्ट एका घराण्याची आहे, आणि त्या घराण्याच्या अंगवळणी पडलेल्या एका रीतीची. त्या रीतीत माझाही हात आहे, म्हणून मी ती सांगायला बसलोय.

नदी जिथे वळते तिथल्या टेकाडावर माझा जन्म झाला. खाली नदी पायी ओलांडता येईल असा उतार होता, तो राखायचं काम पहिल्या सरदाराकडे आलं आणि त्याने मला बांधायला घेतलं. सोळा वर्षं लागली. सरदार रोज येऊन म्हणायचा, अजून उंच करा. त्याचा मुख्य गवंडी तोंडाने फटकळ होता. तो एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "शत्रू येईल नाहीतर येणारही नाही. पाऊस दरवर्षी येणार. आधी त्याची सोय लावू द्या."

त्याने ती लावली. माझ्या सगळ्या छपराचं पाणी पन्हळीतून पश्चिमेच्या भिंतीकडे येतं आणि भिंतीच्या पोटातल्या दगडी नळातून खाली नदीकडे जातं. नळात पाला अडकतो, पाखरं घरटी करतात. ते काढता यावं म्हणून मधल्या मजल्यावरच्या एका खोलीत त्याने नळाला तोंड ठेवलं. माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढं, वर दगडाचं झाकण. त्या खोलीला सगळे पाण्याची खोली म्हणायचे. तिची खिडकी नदीवर उघडायची आणि वारा सगळ्यात चांगला तिथेच यायचा. दरवर्षी पावसाच्या आधी गवंड्याच्या घरातलं कुणीतरी यायचं, झाकण काढायचं, बाही वर करून घाण उपसायचं. सरदाराच्या घराण्याइकतंच ते गवंड्याचं घराणंही माझं आहे, असं मी धरून चालतो.

माझ्यात एकूण तीस खोल्या. त्या रीतीची सुरुवात झाली ती पहिल्या सरदाराच्या थोरल्या मुलापासून. पोरगं सात वर्षांचं होतं, तापाने गेलं. त्याची आई त्याच्या खोलीत जाऊन बसायची, अन्नाला शिवायची नाही. महिनाभर सरदाराने वाट पाहिली आणि मग गवंड्याला बोलावून त्या खोलीचं दार चिणून टाकलं. आतला पलंग, कपडे, लाकडी घोडा, सगळं तसंच आत ठेवून. "दिसलं नाही की दुखणार नाही," तो म्हणाला. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, उपाय लागू पडला. त्यानंतर पंधरा दिवसांतच त्या माउलीने पहिल्यांदा पोटभर खाल्लं.

पुढे सरदार स्वतः गेला. त्याच्या दुसऱ्या मुलाला वाटलं, भावाची खोली एवढी जपून ठेवली, मग बापाची का नाही. झालं. दोनदा घडलेल्या गोष्टीला तिसऱ्यांदा कुणी का म्हणून विचारत नाही, एवढं मी माणसांबद्दल शिकलोय. घरातलं माणूस ज्या खोलीत जाईल ती खोली त्याची. स्मशानात पोचवून आलं की त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत दार चिणायचं, खिडकी बाहेरून बुजवायची. त्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही. कपडे, जोडे, कागदपत्रं, तसबिरी, पाणी प्यायचा पेलासुद्धा आत. या शेवटच्या कलमाबद्दल घराण्याला फार अभिमान होता.

आणि खोटं कशाला बोलू, मलाही होता. माझ्या पोटात माणसं जपून ठेवली जातायत असं मला वाटायचं. दुसऱ्या किल्ल्यांकडे दारूगोळा असेल, माझ्याकडे माणसं आहेत, अशी माझी ऐट होती.

पण खोल्या काही वाढत नव्हत्या. सहाव्या पिढीत घराण्याच्या ध्यानात आलं की असंच चाललं तर एक दिवस जिवंत माणसांना अंगणात झोपावं लागेल. मग पळवाट निघाली. कुणाचं दुखणं वाढलं की त्याला उचलून चौकातल्या पडवीत न्यायचं. पडवी ही काही खोली नव्हे, त्यामुळे तिथे गेलेल्या माणसासाठी काही चिणावं लागत नसे. साधा खोकला झाला तरी म्हातारी माणसं घाबरून जायची, कारण खोकल्याचा आवाज ऐकून सून पडवी झाडायला घेई. एका आत्याबाईंनी मात्र सगळ्यांना वठणीवर आणलं. त्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "मी मरेन ती इथेच. मग जेवा चिणलेल्या भिंतीकडे बघत." पुढची नऊ वर्षं त्यांना घरात कुणी उलट उत्तर दिलं नाही. शेवटी त्या नातीच्या घरी गेल्या असताना गेल्या आणि स्वयंपाकघर वाचलं.

पाण्याच्या खोलीबद्दल मात्र सगळ्या पिढ्यांत एकमत होतं. त्या खोलीत आजाऱ्याला ठेवायचं नाही. नवी सून आली की तिला पहिल्या आठवड्यात हे सांगितलं जायचं.

चारशे वर्षांत अठरा खोल्या गेल्या. सरदारकी त्याच्या कितीतरी आधी गेली होती. पदवी तेवढी उरली होती, तीही पत्रावरच्या पत्त्यात. मी ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो शेवटचा सरदार शहरातल्या शाळेत भूगोल शिकवायचा. सकाळी सायकल घेऊन टेकाड उतरायचा, संध्याकाळी ढकलत वर यायचा. त्याची बायको लांबच्या मुलखातली. आईबाप लहानपणीच गेलेले, माहेरचं म्हणावं असं मागे कुणी नाही. त्यांना एकच मुलगी.

ती बाई आजारी पडली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. छातीचं दुखणं होतं, दोन हिवाळे चाललं. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा हवी. रीतीप्रमाणे तिला पडवीत न्यायला हवं होतं. पण बायकोला पडवीत नेणं म्हणजे काय, हे त्या घरात पोरासोरांनाही कळत होतं, आणि तिलाही कळलं असतं. सरदाराने तिला दोन्ही हातांवर उचललं आणि पाण्याच्या खोलीत आणून निजवलं. पलंग खिडकीशी लावला, नदी दिसावी म्हणून.

आठवड्याभराने गवंडी आला. हा त्या पहिल्या गवंड्याचा वंशज, तेव्हा तिशीचा. बाही वर करून दारात आला आणि पलंग बघून तिथेच थांबला. सरदाराला त्याने बाहेर बोलावलं.

"धनी, इथे नको. दुसरीकडे कुठेही न्या."

"तिला इथून नदी दिसते."

"ते खरं. पण उद्या काही बरंवाईट झालं तर नळाचं तोंड…"

"काही होणार नाही," सरदार म्हणाला.

दोन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला ती गेली. मुलगी शाळेत होती.

तुम्हाला वाटेल, भूगोलाचा मास्तर, शिकलासवरलेला माणूस, त्याने ही रीत तिथेच मोडली असेल. मलाही तसं वाटलं होतं. पण दुःखात माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो, आणि याच्या हाताला रीत लागली. आधीच्या अठरा वेळी कुणी पाळले नसतील एवढे कडक नियम त्याने पाळले. तिचे कपडे, तिची शिवणाची पेटी, फोटोंचा सगळा डबा, लग्नातला भिंतीवरचा फोटोसुद्धा, सगळं त्याने स्वतः आत नेऊन ठेवलं. मुलीने एक फोटो फ्रॉकच्या आत लपवला होता. तिच्या चालण्यावरून त्याला ते कळलं. त्याने खाली वाकून तो काढून घेतला.

"नियम आहे, बाळ," तो म्हणाला.

ती रडली नाही. नुसती बघत राहिली. त्या क्षणी माझी एखादी तुळई पडली असती तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नाही. तेव्हा मी एकोणिसाव्या खोलीची वाट बघत होतो.

गवंड्याने चुना कालवला. पहिला थर लावून झाल्यावर तो एकदाच म्हणाला, "धनी, ते झाकण आत राहतंय."

"काम कर."

त्याने केलं. सूर्य मावळायच्या आत भिंत पुरी झाली.

त्यानंतर बावीस वर्षं गेली. गवंडी दरवर्षी छपरावर चढायचा आणि वरून नळात लांब काठी घालून ढवळायचा. काठी अर्ध्यापर्यंतच पोचायची. चौथ्या पावसाळ्यात मधे एक घरटं घट्ट बसलं, त्यावर पाला बसला आणि पाण्याला वाट राहिली नाही. वाट नसली की पाणी ती करून घेतं. ते माझ्या भिंतीत शिरलं. दुखतं का असं विचाराल तर दुखत नाही. नुसतं जड वाटतं, आणि रोज थोडंथोडं अधिक.

बापलेक तेव्हा खालच्या तीन खोल्यांत राहत होते. अकरा खोल्या शिल्लक होत्या खऱ्या, पण त्यातल्या निम्म्यांना छप्पर धड नव्हतं. स्वयंपाकघर, पूर्वीची पहारेकऱ्यांची खोली आणि जेवणघर, एवढ्यात सरदार घराणं मावलं होतं. जेवणघर बरोबर पाण्याच्या खोलीखाली. तिथल्या भिंतीला आधी घाम आला, मग लोणा लागून पांढरी खारी भुकटी झडू लागली, मग गिलावा पोटासारखा फुगला. सरदाराने त्यावर जगाचा मोठा नकाशा टांगला. नकाशा दोन वर्षांत कुजला, तेव्हा त्याने दुसरा टांगला.

मुलगी एकतीस वर्षांची झाली. शहरात चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांच्या नाकावर चष्मा बसवायचा, कानामागे काडी नीट करायची, मान थोडी तिरकी करून बघायचं. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा पाहिलेला चेहरा ती विसरत नसे.

त्या वर्षी पावसाला महिना असताना गवंडी आला. त्याने नकाशा बाजूला केला आणि मागच्या भेगेत बोट घातलं. बोट पुरतं आत गेलं.

"ताई, या पावसाळ्यात पश्चिमेची बाजू खाली येणार. जेवायला बसलात तर थेट ताटात."

"उपाय काय, काका?"

त्याने सरदाराकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "नळ मोकळा करायला हवा. म्हणजे वरची खोली उघडायला हवी."

"नाही," सरदार म्हणाला आणि उठून गेला.

संध्याकाळी मुलगी त्याच्यासमोर येऊन बसली. तिने भिंतीचा विषयच काढला नाही.

"बाबा, मला आई आठवत नाही."

त्याने हातातला पेला खाली ठेवला.

"आवाज आठवतो. हात आठवतात. खोकायची ते आठवतं. चेहरा आठवत नाही. दिवसभर मी लोकांचे चेहरे बघते. परवा एक बाई चार वर्षांनी आल्या, मी दारातच ओळखल्या. आणि आई रस्त्यात समोर आली तर मला ओळखता येणार नाही. वर फोटो आहेत. मला एकदा बघू द्या. मग पुन्हा चिणा हवं तर."

"ती आत आहे," तो म्हणाला. "आहे तशी आहे. तिला हात लावायचा नाही."

"आणि भिंत पडली म्हणजे?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

मुलीने त्याच्याशी बोलणं टाकलं. दोघं समोरासमोर जेवायची आणि वाढायचं असलं की ती भांडं नुसतं पुढे सरकवायची. बाप रोज काहीतरी विषय काढायचा, हवेचा, दुकानाचा, आणि एकटाच बोलून थांबायचा. दहाव्या दिवशी, रविवार होता, सकाळी गिलाव्याचा मोठा पोपडा निघून मुलीच्या खुर्चीवर पडला. ती तेवढ्यापुरती पाणी आणायला उठली होती म्हणून वाचली.

सरदाराने त्या खुर्चीकडे पाहिलं. मग तो गवंड्याकडे स्वतः चालत गेला आणि त्याला हातोड्यासकट घेऊन आला. पहिला घाव त्याने घातला. त्याच्या हातात जोर नव्हता, चुन्याचा टवकाही उडाला नाही, पण त्याने तीनदा मारला आणि मग हातोडा गवंड्याला दिला.

दुपारपर्यंत दार मोकळं झालं. गवंडी आत शिरला आणि त्याने आधी खिडकी फोडली. उजेड आला. तो आला नसता तर बरं, असं मला वाटलं.

माझ्या भिंतीतलं सगळं पाणी बावीस वर्षं त्या खोलीत घाम होऊन निथळत होतं. पलंग बसून गेला होता. कपड्यांना बोट लावलं की बोटाला काळा चिखल लागायचा. भिंतीवरच्या फोटोत काचेमागे नुसती बुरशी होती. फोटोंच्या डब्याचं झाकण निघालं तेव्हा आतले सगळे फोटो मिळून एक वीट झाली होती. सरदार स्वयंपाकघरातली पातळ सुरी घेऊन खाली बसला आणि एकेक सोडवू लागला. हाताखालून शेकडो मुलांचे पेपर गेलेला माणूस तो, कागद हाताळायचं त्याला कळत होतं. पण प्रत्येक फोटो वरच्या फोटोच्या पाठीला चिकटलेला, सुटताना रंग तिकडे जायचा आणि इकडे पांढरं राहायचं. एकात खांदा निघाला, एकात बाकाची कड आणि मांडीवर ठेवलेला हात. मुलगी प्रत्येक तुकडा खिडकीशी नेऊन बघायची, दुकानात भिंगाची काच बघतात तसा, आणि ओळीने जमिनीवर मांडायची. एकेचाळीस फोटोंत तिच्या आईचा चेहरा कुठेच उरला नव्हता.

तिने गवंड्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही तर बघितलं होतं तिला."

त्याने हातांवरचा चुना झटकला. "मान वर करून कधी बघितलं नाही, ताई. बापाने शिकवलं होतं, मालकिणीकडे बघायचं नसतं. पावलं आठवतात. उजवं पाऊल जरा बाहेर टाकून चालायच्या. चेहरा विचाराल तर…"

मग ती बापाकडे वळली. त्याच्या हातात अजून सुरी होती.

"मलाही आठवत नाही," तो म्हणाला. "पहिल्याच वर्षी गेला. सकाळी उठलो आणि डोळ्यांपुढे येईचना. मी म्हटलं असू दे, आत आहे. भिंत आहे तोवर आत आहे. म्हणून उघडू देत नव्हतो."

"मी एक फोटो ठेवला होता. माझ्या फ्रॉकमधून काढून घेतलात तुम्ही."

"हो."

"मी नऊ वर्षांची होते, बाबा."

"हो," तो पुन्हा म्हणाला. सबब त्याने एकही सांगितली नाही. ती उठून बाहेर गेली, चौकात बराच वेळ फिरली आणि परत येऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. उरलेले तुकडे दोघांनी मिळून सोडवले, काही हाती लागणार नाही हे ठाऊक असून.

तोवर गवंड्याने झाकण काढून खांद्यापर्यंत हात घातला होता. तुंबलेलं पाणी एकदम खाली सुटलं तेव्हा मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. पण त्याने भिंतीवर हातोडा ठोकून कान लावला आणि मान हलवली. "नळ सुटला, धनी, पण भिंत गेली. त्या दिवशी मी हात आखडायला हवा होता."

"तुला काम कर म्हणणारा मी," सरदार म्हणाला.

ती दोघं पावसाच्या आधी शहरात भाड्याच्या घरात राहायला गेली. जाण्यापूर्वी मुलीने बाकीच्या अठरा खोल्याही फोडायला लावल्या. त्या कोरड्या होत्या. आतलं सगळं जागच्या जागी होतं. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या पोराच्या लाकडी घोड्यावरचा तांबडा रंगसुद्धा टिकला होता. मुलगी त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि मग पहिल्यांदा रडली. माझ्यात एवढी माणसं राहिली, पण माझ्यावर रागवायचा हक्क तिच्याइतका कुणाला नसेल.

त्याच पावसाळ्यात पश्चिमेची बाजू कोसळली. पाण्याची खोली अर्धी गेली, अर्धी अजून वर लटकून आहे. सरदार दीड वर्षाने शहरात वारला. त्याचे शर्ट, चष्मा, सायकल, सगळं मुलीने बाहेर ठेवलंय, त्याची खोली ती वापरते असं गवंडी मला सांगत होता. तोही आता थकलाय. माझ्याकडे येतो ते बसायला.

आता माझ्याकडे कबुतरं असतात आणि सुट्टीच्या दिवशी माणसं. ती भिंतींवर आपली नावं कोरतात, उभी राहून फोटो काढतात आणि जातात. दोनतीन महिन्यांनी एकदा ती येते. उरलेल्या जिन्याने जपून वर चढते, अर्ध्या खोलीत उभी राहते, माझ्या भिंतीवर तळहात टेकवते आणि विचारते, "कशी दिसायची ती?" आजूबाजूला कुणी नाही हे आधी बघून घेते.

मला माहीत आहे. मी अकरा वर्षं तो चेहरा रोज पाहिला. माझ्यापुढे मान खाली घालायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. पण मला तोंड नाही, आणि तिला सांगू शकेल असं जगात दुसरं कुणी उरलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. शहरात चष्म्याच्या दुकानात कधी गेलात आणि एखादी बाई तुमचा चष्मा बसवताना मान तिरकी करून तुमच्याकडे बघू लागली, तर तिला एवढं सांगा.

तुझ्या आईचं कपाळ लहान होतं. डावी भुवई मधेच तुटलेली, लहानपणी पडल्याची खूण. गालांवर बारीक ठिपके होते, उन्हाळ्यात अधिक दिसायचे. हसताना उजवा डोळा डाव्यापेक्षा आधी मिटायचा. वरचा एक दात किंचित पुढे होता आणि हसू लपवायला ती ओठ दुमडायची, त्यामुळे अधिकच हसरी दिसायची. आणि तुझ्या बापाला शेवटपर्यंत ज्याचा अर्थ कळला नाही तेही सांगतो. त्याने पलंग नदीकडे लावला होता. तो शाळेत गेला की ती उशी उचलून पायथ्याशी ठेवायची आणि उलटी निजायची, दाराकडे तोंड करून. एवढं करायला तिला अर्धा तास लागायचा. तुझी शाळा सुटायच्या वेळेला जिन्यावर पावलं वाजली की त्या चेहऱ्यावर रंग यायचा. शेवटच्या सकाळीही ती तशीच निजली होती.